बोटीतला माझा वाटा

माझ्या धाकट्या भावाबद्दल गावात कोणी चांगलं बोललं की मी विषय बदलते. तो माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आमचं गाव तापीच्या काठावर, अमळनेर तालुक्यात. नदी ओलांडली की पलीकडच्या गावांचा बाजार वेगळा, सोयरिकी वेगळ्या, पण रोजचं जाणं-येणं आहेच. पूल आहेत, एक बराच वर आणि एक बराच खाली. मधल्या गावांना दोन्हीकडून लांबचा वळसा पडतो, म्हणून आबांची नाव चालली. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या वडिलांचाही धंदा तोच, लाकडी नावेतून माणसं, सायकली, शेळ्या, केळीचे घड पलीकडे सोडायचे.

दहावीपर्यंत मीही नावेवर होते. बांबू तळाला टेकवून नाव ढकलायला मला भावाच्या आधी यायला लागलं, कारण मी मोठी. पाण्याचा रंग बघून कुठे गुडघाभर आणि कुठे डोकंभर हे मला सांगता यायचं. मग मला चांगले मार्क पडले आणि आबांनी मला अमळनेरला कॉलेजात घातलं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि हा अभिमान मी कमी करून सांगणार नाही. भाऊ दहावीला बसला आणि बसलाच. मी पास झाले म्हणून माझा बांबू गेला, तो नापास झाला म्हणून त्याला मिळाला. एवढंच आहे सगळं. बाकी जे सांगते ते या एका गोष्टीवरचे थर आहेत.

आता मी अमळनेरात एका जिनिंगच्या तपासणी खोलीत काम करते. कापसाच्या धाग्याची लांबी मोजायची, ओल बघायची, शेरा द्यायचा. माहेरी गेले की मला खुर्ची देतात. आबा आणि भाऊ ओट्यावर खाली बसून जाळ्याच्या गाठी सोडवत असतात, एकाच ताटलीतल्या शेंगा खातात, एकमेकांना शिव्या देतात. मला शेंगा वेगळ्या बशीत येतात, सोललेल्या.

बोट मी शोधली. हे आधी नीट सांगून ठेवते, कारण गावात कोणालाही विचारलं तर वेगळं ऐकायला मिळेल.

आबांची लाकडी नाव कुजली होती. तापी आता पूर्वीसारखी एका अंगाने वाहत नाही. वरून पाणी सोडलं की डोह भरतो, बंद केलं की तीन-चार धारा उरतात आणि मधे रेतीचे लांब पट्टे. शेजारच्या गावच्या एकाने मागे पंखा असलेली मोटरबोट आणून बघितली होती. पंखा पहिल्या आठवड्यातच रेतीत रुतला आणि वाकला. भाऊ म्हणाला, नदीच खराब झाली, काय करणार.

जेवणाच्या सुट्टीत मोबाईल चाळताना मला ती जाहिरात दिसली. जुनी जेट बोट विकणे आहे, इंजिन बंद. मला जेट बोट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून मी वाचत बसले. या बोटीला बाहेर पंखाच नसतो. पोटात पंप असतो. तो खालून नदीचं पाणी ओढतो आणि मागून जोरात फेकतो, त्या धक्क्याने बोट पुढे जाते. वेगात असली तर वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. वाचता वाचता डबा गार झाला. आमच्याकडे नदीवर पंप नाही असा शेतकरी नाही. पंपावर चालणारी बोट आमच्यासाठीच कोणीतरी केली आहे असं मला वाटलं.

मी भावाला फोन केला. तो ऐकून म्हणाला, "अक्का, बोट का मोटर, नक्की काय घेऊ ऱ्हायनो आपण?"

तरी आला. आबाही आले. बोट पिंपळनेरच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीलगत एका धरणाच्या काठी होती. कोणीतरी तिथे पर्यटकांसाठी हॉटेल काढलं होतं, ते बंद पडलं होतं. बोट पत्र्याच्या शेडखाली, आत कोंबड्या. वरून निळा रंग उडालेला, पण फायबर कुठे तडकलेलं नव्हतं. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मग तळहात लावून उभे राहिले, म्हशीला हात लावतात तसे. भावाने ठोकून बघितलं. मी जमिनीवर आडवी झाले आणि खालच्या तोंडातून हात आत घालून पंपाच्या पात्यांच्या कडा चाचपल्या. वाचलं होतं की कडा बोथट असतील तर पंप गेला. कडा चांगल्या होत्या.

मी हात आत घालून पडलेली असतानाच वर व्यवहार झाला. पैसे आमचे दोघांचे, अर्धे माझे, अर्धे भावाचे. पण मालकाने "नाव सांगा" म्हणताना समोर जो उभा होता त्याच्याकडे बघितलं, आणि समोर भाऊ उभा होता. मी हात पुसत उठले तेव्हा पावतीची घडी त्याच्या खिशात गेली होती. पावतीने काय होतं, असं मनाला सांगितलं. परतीच्या वाटेवर पिंपळनेरला चहा प्यायला थांबलो तर टपरीवाला ट्रॉलीवरची बोट बघून बाहेर आला आणि भावाला म्हणाला, "शेठ, कितीला बसली?" भाऊ हसला. त्याचं ते हसणं बघून मी चहा अर्धा टाकला.

मग इंजिन. जुनं पेट्रोल इंजिन आतून गंजून जाम झालं होतं. धुळ्याला एक मिस्तरी आहेत, जुन्या गाड्यांची इंजिनं काढून कशातही बसवतात. पिठाच्या चक्कीत, उसाच्या गुऱ्हाळात. बोटीत त्यांनीही कधी बसवलं नव्हतं, पण त्यांना ते कबूल करायचं नव्हतं.

"डिझेल टाका," ते भावाला म्हणाले. "जीपचं आहे माझ्याकडे. मरत नाही ते."

भावालाही डिझेलच हवं होतं. आमच्याकडे डिझेल म्हणजे इंजिन आणि पेट्रोल म्हणजे शौक.

मी म्हटलं, "मिस्तरी, डिझेल जड आहे. बोट खोल बसेल. आणि या पंपाला जोर नाही, फेरे पाहिजेत. डिझेल तेवढे फेरे मारत नाही."

मिस्तरींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि भावाला विचारलं, "काय म्हणताहेत ताई?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

भावाने माझंच बोलणं पुन्हा सांगितलं, थोडं मोडून. तेव्हा मिस्तरी मान हलवायला लागले. "हां, हा मुद्दा आहे." शेवटी अपघातात चेपलेल्या एका छोट्या गाडीचं पेट्रोल इंजिन ठरलं. गिअरबॉक्स काढून टाकला, इंजिनाचा दांडा सरळ पंपाला जोडला. रेडिएटर नाही, नदीचंच पाणी नळीने इंजिनाभोवती फिरवून बाहेर सोडायचं. मी दर रविवारी धुळ्याची एसटी पकडून जात होते. नवरा म्हणाला, "माझ्या स्कूटरला किक बसत नाही त्याचं काही वाटतं का तुला?" मी म्हटलं, स्कूटर तुमच्या नावावर आहे, तुम्ही बघा.

त्या दिवसांत सगळे त्याला "अक्काचं इंजिन" म्हणायला लागले. मिस्तरीसुद्धा. मला ते आवडत होतं.

मग जाळीचं झालं. बोटीच्या तोंडाला मूळच्या लोखंडी सळ्या होत्या, एकमेकींपासून चांगल्या अंतरावर. मी बघितलं आणि म्हटलं, "हे काय, यातून बेडूक जाईल, मासा जाईल. फूटव्हॉलला असते तशी बारीक जाळी पाहिजे." नदीवर ज्याचा पंप आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाच्या फूटव्हॉलला जाळी नसेल तर एक दिवस काडीकचरा आत जातो आणि पंप अडकतो. हे आमच्या अंगातच आहे. मी हे भावाला म्हटलं, चहा पिताना. भाऊ उठला, आत गेला आणि मिस्तरींना म्हणाला, "मिस्तरी, खाले बारीक जाळी मारा. फूटव्हॉलसारखी."

मिस्तरींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास. पंपवाला गडी दिसतोस."

मी ग्लास हातात घेऊन दारात उभी होते. भावाने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला खात्री आहे की त्याने मुद्दाम केलं नव्हतं. त्याला खरोखर ते स्वतःलाच सुचलं असं वाटत होतं. चोरी केली असती तर पकडता आली असती. परस्पर माहेरी जाताना एसटीत मी मनात वाक्यं जुळवत होते, जाळीची गोष्ट आबांना कशी सांगायची म्हणजे ती सहज बोलल्यासारखी वाटेल. पण तिथे पोचेपर्यंत भावाने फोनवर सांगून टाकलं होतं आणि आबा ओट्यावर चार जणांना सांगत होते की पोराचं डोकं चालतं.

बोट गावात आली तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे निम्मं गाव होतं. नारळ भावाने फोडला, ओवाळलं वहिनीने, ताट माझ्या हातात होतं. पेंटर ब्रश घेऊन तयार होता. बोटीच्या अंगावर, दुकानाच्या पाटीवर लिहितात तसं, मालकाचं नाव लिहायचं होतं.

"प्रो. कोण टाकू?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी भावाकडे बोट केलं. मीही केलं. माझा हात आपोआप गेला, आणि मग तो मागे कसा घ्यायचा ते कळेना. भावाचं नाव पिवळ्या रंगात चढत गेलं, त्याला काळी सावली दिली. अक्षर सुंदर होतं पेंटरचं. वाळेपर्यंत मी बघत होते.

मला ती बोट चालवायची होती. मालकी, पावती, नाव, सगळं ठेवा तुमच्याकडे, एकदा मला त्या चाकामागे बसू द्या, एवढंच मला पाहिजे होतं. मी ते भावाला बोललेही. तो म्हणाला, "आधी नीट चालू तर होऊ दे अक्का."

कारण ती नीट चालत नव्हती. डोहात उतरवली की सुरुवातीला झकास जायची, मग इंजिन ओरडायला लागायचं आणि बोट मात्र मंदावायची. आवाज विमानाचा, चाल रेड्याची. जितका गॅस द्यावा तितकं इंजिन वर आणि बोट तिथेच. काठावर ओढून आणली की सगळं ठीक दिसायचं, खालून बघितलं तरी काही नाही. परवानगीचे कागद झाले होते, लाइफ जॅकेट आली होती, फक्त बोट चालत नव्हती.

आता "अक्काचं इंजिन" हे शब्द वेगळ्या सुरात यायला लागले. भाऊ फोनवर म्हणाला, "राग नको येऊ दे, पण डिझेल पाहिजे होतं." मिस्तरी म्हणाले की मी तेव्हाच सांगत होतो. जाळी भावाची आणि इंजिन माझं, अशी वाटणी झाली होती. चांगलं निघालं ते त्याच्याकडे, बिघडलं ते माझ्याकडे. मी रात्रंदिवस वाचलं, आकडे मांडले, कुठेही इंजिनाचा दोष दिसेना. जाळीचा विचार माझ्याही मनात आला नाही. तो आमच्यापैकी कोणाच्याच मनात येणं शक्य नव्हतं. जाळीवर संशय घेणारा माणूस आमच्या नदीकाठी जन्माला येत नाही.

आखाजीला मी माहेरी गेले. आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरहून सगळ्या येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या देवीला लेकींनी जायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि यंदा बोटीतून जायचं ठरलं होतं. भावाने डोहात दोन-तीन फेऱ्या मारून बघितल्या होत्या, जरा बरी चालत होती म्हणे.

काठावर मी त्याला पुन्हा विचारलं. "जाताना नाही तर येताना. थोडं चालवू दे."

तो काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "तुले कसाले ताप? तू पाव्हणी शेस. बठ निवांत."

त्यांनी मायेनेच म्हटलं होतं. मी जाऊन मागे इंजिनाच्या झाकणावर बसले, शेजारी आबा. वहिनी पुढे, भावाच्या शेजारी बसली. तिला पाण्याची भीती वाटते, म्हणून पुढची जागा तिला. बाकीच्या पाच-सहा जणी मधे, नवी लुगडी-साड्या, वर लाइफ जॅकेट, एकमेकींना बघून हसत होत्या. त्यातली एक पलीकडच्या आळीतली, बऱ्याच वर्षांनी आलेली. तिने विचारलं, "हाई बोट कोनी शे?"

"तुमना भाऊनी शे," वहिनी म्हणाली.

"नि हाई इंजिन अक्कानं," भाऊ मान न वळवता म्हणाला आणि सगळ्या हसल्या.

डोह पार झाला. पुढे उथळ धार लागते, तिथे पाणी पायाच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, तळाला रेती स्वच्छ दिसते. अशा जागी ही बोट जोरात काढावी लागते. वेगात असली की ती पाण्यावर वर उचलली जाते, हळू झाली की खाली बसते. भावाने गॅस दिला. इंजिन ओरडायला लागलं. बोट उचलली गेली नाही. ती हळूहळू खाली बसत गेली, तळाला रेती घासल्याचा आवाज आला आणि आम्ही नदीच्या मधोमध थांबलो.

इंजिन बंद केल्यावर फार शांत वाटलं.

मग मधली एक जण म्हणाली, "बोट भारी शे भाऊ. पायी पायी लई जास."

चपला हातात, साड्या वर खोचून लेकी उतरल्या आणि चालत पलीकडे निघाल्या. त्यांच्याबरोबर वहिनीही. भाऊ चाकामागे तसाच बसून होता. आबा पाण्यात उतरले. भावाला म्हणाले, "ये खाले." मग मला म्हणाले, "तू बस."

मी बसले. दोघांनी मिळून बोट एका कुशीवर कलती केली आणि आबा वाकून खाली बघायला लागले. थोडा वेळ त्यांची पाठच दिसत होती. मग त्यांनी हात घालून काहीतरी ओढलं. मूठभर शेवाळ आलं. पुन्हा ओढलं, त्यात केळीच्या खोडाचे धागे, निर्माल्याचा दोरा, प्लॅस्टिकची चिंधी. सगळं चेपून एक जाडजूड कांबळं झालं होतं, जाळीच्या तोंडावर घट्ट. रोज इंजिन बंद झालं की डोहातून काठावर येईपर्यंत ते गळून पडायचं, म्हणून आम्हाला कधी दिसलं नव्हतं. आज बोट रेतीवर बसली आणि ते तिथेच दबून राहिलं.

शेतातला पंप नदीतून घोट घोट पितो. ही बोट अख्खी धार एका दमात ओढत होती, आणि आम्ही तिच्या तोंडाला चहाची गाळणी बांधली होती. पाणी नाही म्हणून पंप नुसता फिरत होता, इंजिन रिकामं ओरडत होतं. माझं इंजिन चांगलं होतं. ते कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी बोलणारच होते.

तेवढ्यात आबा सरळ उभे राहिले. "हाई जाळी कोनी लायी?"

भाऊ पाण्याकडे बघत होता.

"इचारी ऱ्हायनो मी. गाढवा, महिनाभर इंजिनले शिव्या देऊ ऱ्हायना नि तोंड तूच बांधी ठेवं? डोकं कोठे ठेवं व्हतं? नावेवर काय शिकनास तू?"

असं बराच वेळ चाललं. आबा जुन्या आवाजात बोलत होते, मी बारा वर्षांची असताना बांबू चुकीच्या जागी टेकवला की ज्या आवाजात बोलायचे त्या. तेव्हा ते दोघांनाही सारखंच बोलायचे. मला कोणी गाढव म्हटल्याला किती वर्षं झाली होती. आबा तर आता माझ्याशी बोलताना आधी घसा साफ करतात. भाऊ मान खाली घालून ऐकत होता आणि मला त्या क्षणी त्याचा जितका हेवा वाटला तितका पावतीच्या वेळी वाटला नव्हता, पेंटरच्या वेळीही नाही. ती शिवी बोटीच्या मालकाला होती. नदीवरच्या माणसाला होती. ती अर्धी माझी होती.

"जाळी माझी," मी म्हटलं.

आबांनी वर बघितलं.

"मी सांगितलं होतं लावायला. धुळ्याला, चहा पिताना. फूटव्हॉलसारखी जाळी पाहिजे, असं मीच म्हटलं. याने नुसतं आत जाऊन सांगितलं."

"अक्का, काहीही काय," भाऊ म्हणाला. "मीच उभा राहून मारून घेतली. माप मी दिलं."

"माप तू दिलंस. सुचलं मला."

"तुले कव्हय सुचनं?"

"तू बिस्किट बुडवत होतास तेव्हा."

भाऊ विचारात पडला. त्याला आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा पडला. बोलणी खाताना पडला नव्हता, तो आता पडला.

आबा आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी हातातलं शेवाळ पाण्यात टाकलं आणि मला म्हणाले, "बी.एस्सी.ले हाईच शिकाडतस का?"

"नाही."

"मंग? उतर खाले. तूच काढ."

मी साडी खोचली आणि उतरले. पाणी वर गरम आणि रेतीजवळ गार होतं. भावाने पान्हा दिला. बोट दोघांनी कलती धरली आणि मी आडवी होऊन, गळ्यापर्यंत भिजून, जाळीचे बोल्ट सोडवले. एक बोल्ट गंजला होता. आबा वरून सारखे बोलत होते, असा धर, तसा नको, हात आहे का लाकूड, एवढा वेळ लागतो का. मी उलट बोलत होते. भाऊ मधे म्हणाला की आण, मी काढतो, तर आबा म्हणाले, "तू धर गुमान. दोन्ही गाढव शेतस." बोल्ट निघाला. जाळी सुटून हातात आली, ती मी काठाच्या दिशेने भिरकावली. आत मूळच्या सळ्या होत्या, होत्या तशा. ज्याने बनवली त्याने त्या विचार करून तेवढ्या लांब ठेवल्या होत्या, हे आता दिसत होतं.

बोट रेतीवरून ढकलायची होती. आबांना वर चढवलं. ढकलायला जोर पाहिजे, तो भावाला, आणि कोणीतरी चाकामागे पाहिजे. मी कोणाला विचारलं नाही. कडेला हात टेकून वर चढले आणि बसले. सीट ओली झाली. भावाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग खांदा लावून ढकलायला लागला.

बोट तरंगली. मी किल्ली फिरवली, गॅस दिला.

ती पहिल्यांदाच खरी चालली. इंजिनाचा आवाज खाली आला, जड झाला, पाठीत कोणीतरी धक्का द्यावा तशी बोट पुढे गेली आणि नाक उचलून पाण्यावर चढली. खालून रेती सरकत होती, इतकी जवळ की तिच्यातल्या लाटा दिसत होत्या. आबांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

मागून भाऊ ओरडत होता, "थांब, थांब ना अक्का!"

मी थांबू शकत नव्हते. उथळ पाण्यात गॅस सोडला की ही बोट खाली बसते, वळतसुद्धा नाही, हे मी त्याला महिनाभर सांगत होते. खोल पाणी येईपर्यंत जायलाच पाहिजे होतं. पाण्याचा रंग बघून मी डावीकडे घेतली. आबांनी डावा हात वर केला, तिकडेच म्हणून. डोहात आल्यावर मी मोठा वळसा घेतला. लांब रेतीच्या पट्ट्याशी भाऊ एकटा उभा होता, गुडघाभर पाण्यात, कमरेवर हात. पलीकडच्या काठावरून लेकी टाळ्या वाजवत होत्या. वहिनीही.

त्याला घ्यायला एक वळसा पुरला असता. मी दोन घेतले.

दुसऱ्या वळशाला आबा म्हणाले, "आते आन त्याले."

पट्ट्याच्या कडेला, जिथे पाणी कमरेएवढं आहे तिथे मी बोट हळू केली आणि तो चढला. ओला, दमलेला. माझ्या सीटशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "सरक."

"बस की तिकडे."

"अक्का, पुढे धार आहे. दे मला."

"दिसते मला धार."

तो वहिनीच्या जागी बसला. थोड्या वेळाने म्हणाला, चाक एवढं आवळून धरू नको. मग म्हणाला, जरा उजवीकडे चालेल. मग आबांना म्हणाला, इंजिन चांगलं आहे हो, मी म्हणतच होतो. भाऊ माझ्या हातांकडे बघत होता, चाकावरच्या, आणि त्याचा जबडा आवळलेला होता. तो चेहरा मी आरशात पुष्कळ वेळा बघितला आहे. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी काठ येईपर्यंत चाक सोडलं नाही, आणि काठाला लावल्यावर लेकींना म्हटलं, चला बसा, देवीपाशी जरा पुढे उतरवते, तिकडे सावली आहे.